स्पेनच्या किनाऱ्यावर राहायला जाताना: कागदांचा क्रम, घराचा करार आणि पहिले तीस दिवस

पुण्या-मुंबईहून स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर राहायला येणारी माणसं सगळी कामं करतात, पण उलट्यासुलट्या क्रमाने करतात. भाषांतर आधी आणि अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, नंतर, किंवा पोलिसांचा दाखला सहा महिने आधी आणि व्हिसाची तारीख सहा महिन्यांनंतर. घराचं भाडं भरून झाल्यावर कळतं की त्या करारावर जूनमध्ये घर सोडायचं आहे. इथला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो आणि प्रत्येकाला मुदत असते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला टप्पा गाळू नका.

उदाहरणासाठी मी आलिकान्ते प्रांतातलं देनिया घेतलं आहे. मोंगो डोंगराच्या पायथ्याचं हे बंदराचं गाव आलिकान्ते आणि वालेन्सिया या दोन्ही विमानतळांपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. गान्दिया, खाविया किंवा तोर्रेविएखाला जाणार असाल तरी क्रम हाच.

टप्पा १: आधी व्हिसा ठरवा, गाव नंतर

समुद्राचे फोटो बघून आधी गाव ठरतं आणि मग त्यात व्हिसा बसवायचा प्रयत्न होतो. हे उलटं करा. सर्वसाधारण भारतीय कुटुंबासाठी दोनच वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे बिगर-कमाईचा निवास व्हिसा. पेन्शन, घरभाडं, मुदत ठेवींचं व्याज यांवर जगणाऱ्यांसाठी तो आहे. रक्कम इप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकावर ठरते. २०२५ मध्ये तो महिना ६०० युरो होता. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट, म्हणजे वर्षाला २८,८०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ७,२०० युरो दाखवावे लागतात. नवरा-बायकोचे ३६,००० झाले. या व्हिसावर काम करता येत नाही, लॅपटॉपवरून भारतातल्या कंपनीचंसुद्धा नाही. "घरूनच तर करायचंय, कुणाला कळतंय" या हिशेबाने अर्ज करू नका. बँकेत दर महिन्याला जमा होणारा पगार नूतनीकरणाच्या वेळी समोर येतोच.

दुसरी वाट दूरस्थ काम करणाऱ्यांच्या व्हिसाची. यासाठी किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार ते महिन्याला साधारण २,७६० युरो होतं आणि किमान वेतन वाढलं की हाही आकडा वाढतो. कंपनी निदान वर्षभर जुनी हवी, तिच्याशी तुमचं नातं निदान तीन महिन्यांचं हवं आणि पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा. भारतीय नोकरदार अडकतात ते वेगळ्याच जागी. भारत आणि स्पेन यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नाही, त्यामुळे पीएफ भरतो एवढं सांगून भागत नाही. एकतर कंपनीने स्पेनमध्ये सामाजिक सुरक्षेची नोंदणी करायची, नाहीतर तुम्ही कंत्राटावर येऊन आउतोनोमो, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करायची. राजीनामा देण्याआधी, मुलांचे शाळेचे दाखले काढण्याआधी एचआरशी हे लेखी बोलून घ्या.

सावधान: घर विकत घेतलं की निवास मिळतो ही योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे. तिच्या नावावर फ्लॅट दाखवणाऱ्या दलालाशी पुढचं बोलणं करू नका.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्यांच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे ते युरोपीय संघाचे नागरिक आहेत, त्यांना व्हिसा लागत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर त्यांनी ईएक्स-१८ अर्जाने नोंदणी करून हिरवा दाखला घ्यायचा. जोडीदाराचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याची वाट निराळी आहे, ती आधी समजून घ्या.

टप्पा २: नावं जुळवा

या टप्प्याला कुणी महत्त्व देत नाही आणि सगळ्यात जास्त हेलपाटे इथेच पडतात. मराठी घरातले कागद काढून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा: पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणी, पदवी. आता एकेका माणसाचं नाव प्रत्येक कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचा.

हमखास सापडणाऱ्या गोष्टी सांगतो. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. विवाह दाखल्यावर लग्नात बदललेलं पहिलं नाव, जे पुढे कधी वापरलंच नाही. मधलं नाव एका ठिकाणी वडिलांचं, दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचं. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना मोकळा, कारण दाखला बारशाच्या आधी काढला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा, सगळं नाव वरच्याच ओळीत. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, तिथला कारकून तुमचं मधलं नाव आडनाव समजून नोंदवू शकतो. एकदा चुकीचं छापलं गेलं की बँक, दवाखाना, शाळा सगळीकडे तेच नाव चालू राहतं.

दुरुस्तीचा क्रम असा:

१. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळं नसेल तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या. बाकी सगळं त्याला जुळवायचं आहे.
२. मुलाच्या जन्मदाखल्यात नाव नसेल तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून ते चढवून घ्या.
३. लग्नाची नोंदणीच झाली नसेल, आणि साठीच्या पुढच्या कितीतरी जोडप्यांची ती झालेली नसते, तर वॉर्ड ऑफिसात आता करा. पत्रिका आणि अल्बम चालत नाहीत.
४. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद शोधून ठेवा. ती नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि तेही पुढच्या टप्प्यातून न्या.

तपासा: पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर अक्षरन् अक्षर तेच आहे का? एका जादा एच साठीसुद्धा फाइल परत आलेली मी पाहिली आहे.

टप्पा ३: दाखला, अपोस्टील, भाषांतर

क्रम पक्का लक्षात ठेवा: मूळ दाखला, मग राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, आणि सगळ्यात शेवटी स्पॅनिश भाषांतर.

भाषांतर शेवटी का? कारण अपोस्टीलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. आधी भाषांतर करून घेतलं तर त्यात शिक्का नसतो आणि ते पैसे वाया जातात. हे भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाचं, म्हणजे त्रादुक्तोर खुरादोचं हवं. गावातल्या स्पॅनिशच्या क्लासमध्ये करून घेतलेलं चालत नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर आधी इंग्रजी प्रत मिळते का ते नोंदणी कार्यालयात विचारा, पुढचं काम सोपं होतं.

जन्म आणि विवाहाचे दाखले महाराष्ट्रात आधी मंत्रालयातून साक्षांकित होतात. पोलिसांचा दाखला, म्हणजे पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पीसीसी, केंद्राचंच असल्याने थेट अपोस्टीलला जातं. परराष्ट्र मंत्रालय खिडकीवर लोकांचे अर्ज घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. पूर्वी दुबई, सिंगापूर, अमेरिकेत राहिला असाल तर तिथलाही पोलीस दाखला लागतो. बिगर-कमाईच्या व्हिसाला मागची पाच वर्षं धरतात.

मुदतीचं गणित असं करा. जन्म आणि विवाहाचे दाखले पाच-सहा महिने आधी सुरू करा, त्यांना वेळ लागतो. पीसीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र सगळ्यात उशिरा घ्या, कारण ती लवकर शिळी होतात. अर्जाच्या तारखेच्या आधी साधारण दोन महिने ही योग्य वेळ.

आरोग्य विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचाच हवा. प्रत्येक भेटीला वेगळे पैसे भरायचे नाहीत आणि प्रतीक्षा काळ नाही, असं दोन्ही त्यात लिहिलेलं हवं. प्रवास विमा जोडल्यामुळे नाकारलेले अर्ज बरेच असतात.

टप्पा ४: भारतातले पैसे, निघण्याआधी

निवासी भारतीय म्हणून एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. तो आयकरात वळता होतो, पण तोपर्यंत अडकून राहतो. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा हिशेब करताना तेवढी गंगाजळी बाजूला ठेवा.

परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं करावं लागतं. बँकेचे अर्ज भारतातूनच घेऊन भरून ठेवा. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. शेतजमीन असेल तर ती राहते, नवी विकत घेता येत नाही.

आणि सिम कार्ड! भारतातला नंबर बंद पडला की ओटीपी बंद आणि ओटीपी बंद की खातं असून नसल्यासारखं. निघण्याआधी रोमिंग सुरू करून ठेवा, रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा आणि घरातल्या कुणाला तरी ती जबाबदारी द्या.

टप्पा ५: घर

किनाऱ्यावरच्या घरांचा धंदा उन्हाळ्याभोवती फिरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याचं भाडं एवढं मिळतं की मालकाला तेव्हा घर मोकळं हवं असतं. म्हणून सप्टेंबर ते जून असा करार पुढे येतो. त्याला म्हणतात आल्किलेर दे तेम्पोरादा, हंगामी भाडं. आम्हीही पहिल्या वर्षी असाच करार केला. दलालाने "सगळे असंच करतात" म्हटलं, आम्ही सही केली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुलांच्या दप्तरांसकट चार बॅगा घेऊन दुसरं छप्पर शोधत होतो. गावात तेव्हा एक खोली परवडणारी नव्हती.

तुम्हाला हवा तो कायम राहण्याच्या घराचा करार, ज्यात बिबिएन्दा आबितुआल हे शब्द असतात. १९९४ च्या भाडे कायद्यानुसार अशा करारात मालक खासगी व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क मिळतो, मालक कंपनी असेल तर सात. अनामत एक महिन्याची. जादा हमी मागितली तर पाच वर्षांपर्यंतच्या करारात ती दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी. २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर अशा करारात दलाली मालकाने द्यायची असते. तुमच्याकडे दलाली मागितली, तर आधी करार कोणत्या प्रकारचा आहे ते वाचा.

सावधान: भारतात बसून फोटोवर घर घेऊन अनामत पाठवू नका. पहिले दोन-तीन आठवडे लहानशी जागा घ्या आणि पायी हिंडून घर बघा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा, पर्यटक गेलेले असतात आणि मालक मोकळे असतात.

घर बघताना:

- कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा. किनाऱ्यावर हिवाळ्यात ओल येते, घरात बहुधा मध्यवर्ती उष्णता नसते आणि फरशी बर्फासारखी गार पडते. काळे ठिपके दिसले किंवा ताज्या रंगाचा वास आला तर विचारा.
- खिडक्या कुठे उघडतात? दक्षिणेचं ऊन जानेवारीत सोन्याच्या मोलाचं असतं. उत्तरेकडचं घर ऑगस्टमध्ये छान वाटतं आणि डिसेंबरमध्ये त्याच घरात शाल सुटत नाही.
- विजेचं जुनं बिल मागा आणि त्यावर पोतेन्सिया, म्हणजे मंजूर भार किती आहे ते पाहा. ३.४५ किलोवॉट असेल तर हीटर, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावल्यावर घर अंधारात जातं. भार वाढवता येतो, पण करार कुणाच्या नावावर आहे त्यावर ते अवलंबून आहे.
- स्वयंपाक आणि गरम पाणी कशावर? बऱ्याच जुन्या घरांत नारिंगी रंगाची १२.५ किलोची बोम्बोना, म्हणजे गॅसची टाकी असते. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर ती कोण चढवणार, हे आजच ठरवा.
- पुराचं पाणी कुठून येतं? २९ ऑक्टोबर २०२४ च्या अतिवृष्टीने वालेन्सिया प्रांतात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तळमजला, जमिनीखालचं वाहनतळ आणि कोरड्या ओढ्याकाठची जागा टाळा. पूररेषेचे सरकारी नकाशे खुले आहेत, पत्ता टाकून बघा.

देनियात लेस मारिनेसच्या वाळूच्या किनाऱ्यालगतची घरं स्वस्त वाटतात, पण हिवाळ्यात तिथे बरीच दुकानं बंद असतात. गाडी नसेल तर गावातच घ्या.

टप्पा ६: सामान

भांडी-कपाटांचा कंटेनर न्हावा शेवाहून वालेन्सिया बंदरात येऊ शकतो. निदान सहा महिने वापरलेल्या सामानावर स्थलांतराची करमाफी आहे, पण तुम्ही युरोपीय संघाबाहेर निदान वर्षभर राहिलेले असायला हवं आणि स्थायिक झाल्यापासून वर्षाच्या आत सामान यायला हवं. माझं मत: आणू नका. घरं बहुतेक सामानासकट मिळतात.

विमानातल्या पिशवीत मात्र लोक चुकतात. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे. आईने कढवलेलं तूप, पेढे, श्रीखंडाची गोळी, सगळं त्यात आलं. आंबेही दाखल्याशिवाय नाहीत. नारळ चालतो. गोडा मसाला, मेतकूट, कोकम बिनधास्त आणा. तूप इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं छान कढतं.

टप्पा ७: पहिले तीस दिवस

व्हिसा मिळाला म्हणजे निवासपत्र मिळालं असं नाही. स्पेनमध्ये शिरल्यापासून महिन्याच्या आत तिए, म्हणजे परदेशी रहिवाशाचं कार्ड मागायचं असतं.

१. दिवस पहिला. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आलात तर पासपोर्टवर स्पेनची नोंद नसते. स्पेनमध्ये उतरलेल्या विमानाचा बोर्डिंग पास जपा, तोच पुरावा. सोपं हवं असेल तर दोहा, दुबईमार्गे थेट माद्रिद किंवा बार्सेलोनात उतरा.

२. पहिला आठवडा. बोटांच्या ठशांसाठी नॅशनल पोलिसांची वेळ, म्हणजे सिता प्रेबिया, इंटरनेटवर शोधायला लागा. घर मिळायची वाट पाहू नका. वेळ न दिसल्यास सकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळा फुकट असतात, त्या विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

३. घर मिळाल्याबरोबर. आयुन्तामिएन्तो, म्हणजे नगरपालिकेत जाऊन पाद्रोनवर, म्हणजे गावातल्या रहिवाशांच्या नोंदवहीत नाव चढवा. करार, पासपोर्ट आणि त्यांचा अर्ज लागतो. कामकाज सकाळचंच, दुपारी दोननंतर जाऊ नका. "पाद्रोनवर नाव घालायचं नाही" अशी अट घालणाऱ्या मालकाचं घरच घेऊ नका.

४. ठशांच्या दिवशी. ईएक्स-१७ अर्ज, मोदेलो (फॉर्म) ७९० कोड ०१२ चं बँकेत भरलेलं शुल्क, फोटो, पासपोर्टच्या प्रती, ताजा पाद्रोन दाखला. शुल्क आधी भरून पावती घेऊन जा, तिथे पैसे घेत नाहीत.

५. महिना-दीड महिन्याने कार्ड घ्यायला पुन्हा जायचं, पावती सोबत हवी.

तपासा: कार्ड हातात पडल्याबरोबर काउंटरवरच नाव, आडनाव, जन्मतारीख वाचा. बाहेर आल्यावर दिसलेली चूक पुन्हा नवी वेळ मागते.

ऑगस्टमध्ये हा टप्पा येणार नाही अशी तारीख निवडा, तेव्हा निम्मं कार्यालय सुट्टीवर असतं.

टप्पा ८: कार्डानंतर

आधी डिजिटल प्रमाणपत्र काढा. कर, सामाजिक सुरक्षा, पाद्रोन, सगळं घरबसल्या होतं आणि कितीतरी खेटे वाचतात. मग स्पेनमधल्या बँकेत अनिवासी म्हणून खातं उघडलं असेल तर ते निवासी करून घ्या आणि वीज-पाण्याची बिलं त्याला जोडा.

गाडीचं नीट ऐका. भारतीय परवाना निवास मिळाल्यापासून सहा महिनेच चालतो आणि तो इथल्या परवान्याशी बदलून मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते: ३० प्रश्न, तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर नापास. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. सहा महिन्यांनंतर अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो, म्हणून अभ्यास पहिल्या महिन्यातच सुरू करा. तोपर्यंत देनियाहून आलिकान्तेला बेनिदोर्मला ट्राम बदलून जाता येतं.

कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की स्पेनचे करदाते झालात, आणि जगभरातल्या उत्पन्नावर. पुण्यातलं घरभाडं आणि ठेवीचं व्याज त्यात येतं. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण भारतात करमुक्त ते इथेही करमुक्त असेल असं धरू नका. बँक खाती, गुंतवणुका, स्थावर यांपैकी एकेका गटात परदेशातली मालमत्ता ५०,००० युरोंवर गेली तर जानेवारी ते मार्चमध्ये मोदेलो ७२० ची माहिती द्यायची असते. पुण्यातला एक फ्लॅट धरला तरी बहुतेकांना हे लागू होतं. दूरस्थ कामाच्या व्हिसावर आलेल्यांना सपाट २४ टक्के कराची खास सवलत मिळू शकते, पण तिचा अर्ज सामाजिक सुरक्षेच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत करावा लागतो. सल्लागार पहिल्याच महिन्यात गाठा.

बिगर-कमाईच्या व्हिसावर आलेल्यांना वर्षभराच्या निवासानंतर सरकारी आरोग्यसेवा मासिक हप्त्यावर घेता येते. ६५ पर्यंत ६० युरो, पुढे १५७.

टप्पा ९: नूतनीकरण

बिगर-कमाईचं पहिलं कार्ड एक वर्षाचं. मुदत संपण्याआधी दोन महिने अर्ज करता येतो, त्या दिवसाची खूण आजच करा. दर नूतनीकरणात पैसे आणि विमा पुन्हा दाखवायचे आहेत, त्यामुळे विमा स्वस्त म्हणून मध्येच बदलू नका. कायम निवासासाठी पाच वर्षं मोजताना एकूण गैरहजेरी दहा महिन्यांपेक्षा जास्त आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. गणपती, दिवाळी, घरचं लग्न, आईचं आजारपण, सगळे दिवस एका वहीत लिहीत जा, तिकिटांसह.

पाद्रोनची नोंदही युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला कायम निवास मिळेपर्यंत दर दोन वर्षांनी पुन्हा पक्की करावी लागते. नगरपालिकेचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं तर नाव गुपचूप कमी होतं. घर बदललंत की त्याच आठवड्यात नवा पत्ता नोंदवा, आणि पोस्टाच्या पेटीवर घरातल्या सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लावा.